साक्रीचा नर, दीपनगरचं पोट

बाई,

गेल्या सोमवारी तुमच्या पतंगाबद्दल एका मुलीचा फोन आला. तोच, मारवेल गवताच्या पानातून निघालेला, तिळाहून जरासा मोठा, राखाडी पंखांचा. इतक्या वर्षांत त्याची चौकशी कुणी केली नव्हती आणि खोटं कशाला बोलू, कुणी करूच नये असं मला वाटत आलेलं आहे. मुलगी कुठल्याशा विद्यापीठात संशोधन करते. बोलायला गोड, दर वाक्याला मावशी म्हणत होती. तीन पावसाळे ती साक्रीकडे जाऊन आली. तुम्ही लिहून ठेवलेल्या त्याच बांधांवर फिरली, पानांवरच्या पांढुरक्या रेघा शोधल्या आणि आपल्यासारखेच काचेच्या नळ्यांत पतंग वाढवले. पंख तुमच्या वर्णनाशी तंतोतंत जुळतात म्हणाली, पण पोटातले अवयव तुमच्या लेखातल्या चित्राशी जुळत नाहीत. एकाही नराचे नाहीत. मग तिने विचारलं, "मावशी, रागावू नका हं. मॅडमची नजर शेवटी शेवटी अधू झाली होती का?"

बाई, मी स्वयंपाकघरात उभी होते. कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, मी गॅस बंद करायचं विसरले. तुमची नजर! बारीक अक्षरातलं लेबल हातभर अंतरावरून वाचून "इथे तारीख खोडली आहेस" म्हणणारी तुमची नजर. मी तिला एवढंच म्हटलं, की आठवून सांगते. ती म्हणाली, सावकाश आठवा, पण आठ दिवसांत तिचा लेख छापायला जायचा आहे आणि त्यात तुमच्या चित्राबद्दल एक परिच्छेद आहे. चित्र सदोष असून त्यावर विसंबू नये, असा. तेव्हापासून जीव टांगणीला लागला आहे. आठवायचं कसलं? विसरता येत असतं तर कधीच विसरले असते.

हे असले छोटे पतंग पंखांवरून ओळखता येत नाहीत, हे मला तुम्हीच शिकवलंत. मी बी.एस्सी. नापास, धुळ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून हंगामी लागलेली. दर सत्राला नेमणुकीचा नवा आदेश निघायचा. तो निघेपर्यंत मी रोज ऑफिसात विचारून यायची, आणि निघाला की पुढच्या सत्राची काळजी सुरू व्हायची. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला एक गवताचं पान दिलंत आणि उजेडाकडे धर म्हणालात. पानाच्या टोकाकडून खाली एक फिकट पट्टा उतरत आलेला होता, आणि पट्ट्याच्या शेवटी, पानाच्या दोन सालींच्या मध्ये, दोऱ्याच्या तुकड्याएवढं काहीतरी डोकं हलवत होतं. "एवढ्या पातळ पानात राहते, खाते, मोठी होते," तुम्ही म्हणालात. "आणि आपल्याला दोन खोल्या पुरत नाहीत." तुमचा विनोद असा कोरडा असायचा, हसायचं की नाही ते कळायचं नाही. मी हसले नाही. नंतर वाटलं हसायला हवं होतं.

साक्रीच्या बांधांवर आपण एस.टी.ने जायचो, रविवारी, भाद्रपदात. मला चांगलं आठवतं, तुम्ही बांधावर उकिडव्या बसलेल्या आहात, पदर खोचलेला, आणि एकेक पान उलटंपालटं करून बघत आहात. गवत कापायला आलेली एक बाई विळा हातात धरून आपल्याकडे कधीची बघते आहे. शेवटी तिला राहवत नाही. "बठ्ठा चारा लई जाय ना व माय, एकेक पान काब्र तोडस?" मी शहाणपणाने काहीतरी सांगायला जाते, तर तुम्हीच तिच्या बोलीत उत्तर देता, "माले एकच पान पुरस, माय. ह्या पानम्हा मन्हा किडा शे." ती हसून हसून खाली बसते. "किडा पायतस? आम्ही तं त्यास्ले मारतस!" तोवर मला माहीतही नव्हतं, की तुम्ही तिकडच्याच, शेतकऱ्याच्या घरातल्या. कॉलेजात तुमचं बोलणं असं इस्त्री केलेलं असायचं. परतीच्या एस.टी.त तुम्ही ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं मांडीवर धरून बसलात, तान्हं मूल धरावं तशी, आणि कंडक्टरने पिशवी वर ठेवा म्हटलं तर त्याला असं बघितलंत की तो पुढे निघून गेला.

सुट्टीत प्रयोगशाळा बंद असायची, म्हणून नळ्या तुमच्या घरी. स्वयंपाकघरात माठाच्या तिवईभोवती, तिथे गारवा राहतो म्हणून. मिठाची बरणी, हळदीचा डबा आणि मध्ये ओळीने नळ्या, प्रत्येकीच्या तोंडाशी कापूस आणि आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. कापूस जास्त ओला झाला तर बुरशी धरते, कोरडा पडला तर पान वळतं आणि अळी आत चेंगरते. त्या वर्षीचं ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला आठवत असेल. दिवसातून चार वेळा मी कापूस बोटाने दाबून बघायची आणि घरी गेल्यावर वाटायचं, शेवटच्या नळीचा बघितला की नाही? दोनदा मी अर्ध्या वाटेवरून परत आले आहे. तुम्ही दार उघडून म्हणालात, "अगं, माझा जीव तुझ्याएवढा त्यांच्यात नाही." मला ते कौतुक वाटलं. खरं तर माझा जीव त्यांच्यात नव्हताच, तो माझ्या पुढच्या आदेशात होता. हे तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

आणि दीपनगरची पानं मी आणली होती. माझे वडील तिथल्या वीजकेंद्रात फिटर, आमचं क्वार्टर वसाहतीच्या शेवटच्या ओळीत. मागे पाण्याचा झिरपा होता, तिथे बाराही महिने कुंदा गवत हिरवं असायचं, वरून राखेची बारीक पूड बसलेली. दसऱ्याला घरी गेले तेव्हा सवयीने एक पान उजेडाकडे धरलं, तर तशीच रेघ! वडील म्हणाले, "कॉलेजात आता गवत शिकवतात का?" मी डब्यात भरून पानं आणली. तुम्ही खूश झालात, पण म्हणालात, गवत वेगळं, गाव वेगळं, तेव्हा डबाही वेगळा. आधी साक्रीचं पुरं करू, मग तुझ्या दीपनगरचं बघू. त्यातून चार पतंग निघाले. साक्रीच्या पतंगाशेजारी ठेवले तर भिंगातूनही फरक कळत नव्हता. निदान मला तरी नाही.

त्याआधीच माझ्याकडून एक चूक झाली होती. एका पेटीतली लेबलं मळली म्हणून मी ती सुंदर अक्षरात नव्याने लिहून लावली, आणि एका पतंगाचं गाव आठवणीवर लिहिलं. तुम्ही बी.एस्सी.च्या अख्ख्या वर्गासमोर ती पेटी टेबलावर ठेवलीत. आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "आठवणीवर लेबल लिहायचं नाही. आठवण म्हणजे एक नंबरची थापाडी. जे माहीत नाही तिथे माहीत नाही असं लिही, त्यात लाज नसते." मुलं माझ्याकडे बघत होती, त्यातली काही माझ्याच वयाची. मी मान हलवली. तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं होतं, पण लक्षात काय राहिलं, तर ती पोरं आणि माझे गरम झालेले कान. त्या दिवशी मी ठरवलं, की पुन्हा चुकायचं नाही. चुकल्यावर काय करायचं ते मात्र ठरवलं नाही.

साक्रीच्या पतंगांत नर एकच निघाला. बाकी साऱ्या माद्या, आणि चित्र हवं होतं नराच्या अवयवांचं, त्यावरच सगळं ठरतं. तुमच्या बोटांना तेव्हा कंप सुटायला लागला होता, म्हणून पोटाचं काम तुम्ही माझ्याकडे सोपवलंत. पतंगाचं पोट हलकेच मोडून घ्यायचं, छोट्या नळीत कॉस्टिक पोटॅशमध्ये टाकायचं, ती नळी बीकरातल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं उभी करायची. मऊ भाग विरघळतो, कठीण भाग उरतो, धुळीच्या कणाएवढा, आणि तो काचपट्टीवर घ्यायचा. मी हे काम माद्यांवर बिनचूक केलेलं होतं. त्या दुपारी मी नळी उभी केली, स्पिरिटचा दिवा लावला, आणि शिपाई दारात आला, "ऑफिसात बोलावलंय, तुमची ऑर्डर आली." बाई, मला दिवा विझवायचं सुचलं नाही. दहा मिनिटांच्या आत येते असं वाटलं. ऑफिसात साहेब जागेवर नव्हते, मग सहीला थांबा म्हणाले, मग माझं नाव चुकीचं टाइप झालेलं निघालं. हातात कागद घेऊन जिने चढत आले तेव्हा बीकर कोरडं पडलं होतं, नळी तडकलेली होती आणि तळाला करड्या खरवडीशिवाय काही नव्हतं.

तुमचा वर्ग चार वाजता सुटणार होता. घड्याळात साडेतीन. मी काय विचार केला असं त्या मुलीने नंतर विचारलं, तर मला सांगता येईना, कारण विचार केलाच नव्हता. हात चालत होते. दीपनगरच्या डब्यातून एक नर काढला, त्याचं पोट मोडलं, नवी नळी, नवं पाणी, आणि या वेळी दिव्यासमोरून हलले नाही. बिनपोटाचा तो पतंग चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकला. एकसारखेच तर आहेत, असं मनाशी म्हणत होते. माझ्या घरामागचे आहेत, म्हणजे काही परके नाहीत, असंही काहीतरी. चार वाजता तुम्ही आलात. काचपट्टी तयार होती, त्यावर साक्रीचं लेबल, माझ्या सुंदर अक्षरात. तुम्ही सूक्ष्मदर्शकावर वाकलात आणि काचपट्टी बोटाने इकडेतिकडे सरकवत राहिलात. मग डोळा न काढता विचारलंत, "हे त्याच नराचं आहे ना?" मी म्हटलं, "हो बाई."

तुम्ही ते चित्र तीन आठवडे काढत होतात. कंप सुटलेला हात दुसऱ्या हाताने धरून, काळ्या शाईत, एकेक केस मोजून. चित्र परदेशातल्या तज्ज्ञांकडे गेलं. पाच महिन्यांनी उत्तर आलं, की असं आजवर कुठे पाहिलेलं नाही, ही नवीन जात दिसते. तुम्हाला उड्या मारताना कुणी पाहिलेलं नसेल, मीही नाही, पण त्या दिवशी तुम्ही चहात साखर दोनदा घातलीत आणि तसाच प्यायलात. मला समोर बसवलंत आणि कपाटातून एक लहानशी पत्र्याची डबी काढलीत. आत घड्याळजीचा चिमटा, सुईसारख्या टोकांचा, तुमचा स्वतःचा. "माझ्या हाताला आता हा शोभत नाही. तुझा हात स्थिर आहे." तुमचा लेख छापून आला तेव्हा खाली माझे आभार होते, काळजीपूर्वक केलेल्या विच्छेदनाबद्दल. वडिलांनी ती प्रत वसाहतीत सगळ्यांना दाखवली. खाईल त्याला खवखवे म्हणतात, ते मी तेव्हा समजले. त्या चिमट्याने पुढे मुलांच्या पायातले काटे काढले, पण पतंग पुन्हा कधी मोडला नाही. तुमचं दीपनगरचं काम राहूनच गेलं. तो डबा मी फडताळात इतका मागे सारला, की कॉलेजची इमारत बदलली तेव्हा तो कुणाला सापडला नाही. काचपट्टीही त्याच हलवाहलवीत गेली. उरलं आहे ते फक्त तुमचं चित्र. म्हणून तर त्या मुलीला ते चित्रच चुकलेलं वाटलं.

बुधवारी मी तिला फोन केला. तुम्ही स्थिर म्हणालात त्याच हाताने नंबर दोनदा चुकीचा दाबला. सगळं सांगितलं, ऑफिस, बीकर, खिडकी. म्हटलं, "चित्र बरोबर आहे, पोट चुकीचं आहे, आणि ते मी केलं." ती रागावेल असं वाटलं होतं. ती आनंदाने ओरडलीच. "म्हणजे ते चित्र दीपनगरच्या पतंगाचं आहे! म्हणजे जाती दोन आहेत, मावशी! ते गवत अजून आहे का तिथे?" मी तिला क्वार्टरची शेवटची ओळ सांगितली, झिरप्याची जागा सांगितली. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं, मिनिटभरच. मग तिने विचारलं, "पण मॅडमनी तुम्हाला विचारलं नाही का तेव्हा? एकच नर, इतकं महत्त्वाचं काम." आणि मी म्हटलं, "नाही. त्यांचा विश्वास होता माझ्यावर." ती म्हणाली, "ठीक आहे, मग मी तुमचं नाव घेत नाही, उगाच कशाला. इतकंच लिहिते, की मूळ लेखिकेकडून पडताळणी राहून गेली असावी." मी म्हटलं, "हं, तसं लिही."

नजर अधू नव्हती हे सिद्ध केलं बाई, आणि तुम्हाला निष्काळजी ठरवून बसले. जन्मभर ज्यांनी साधं लेबल न तपासता पेटी बंद केली नाही, त्यांच्याबद्दल आता छापून येणार, की तपासायचं राहिलं. का म्हटलं मी तसं? आता मला कुठल्या आदेशाची वाट बघायची आहे? पेन्शन चालू आहे, मुलं आपापल्या जागी आहेत, ती मुलगी माझं नावसुद्धा घेणार नव्हती. चुकून झालं म्हणायला जीभ वळली. विचारलं होतं आणि तोंडावर खोटं बोलले, हे म्हणायला वळली नाही. चूक कबूल करता येते, खोटं नाही येत, निदान मला नाही आलं.

आणि एकदाच विचारलं असतंत, तर मी स्वतःला अजून काहीतरी समजावलं असतं. तुम्ही दवाखान्यात होतात, शेवटच्या महिन्यात. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन येत होतं, मी मोसंबी सोलत होते. तुम्ही डोळे मिटूनच होतात, मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात म्हणालात, "त्या साक्रीच्या नराचं काही सांगायचं राहिलंय का गं तुझं?" असंच म्हणालात, अगदी हेच शब्द. रागाने नाही. मी फोडीवरचं बी काढत म्हटलं, "नाही बाई, सगळं लिहिलेलं आहे." तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे बघितलंत आणि फोड घ्यायला हात पुढे केलात. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. तुम्हाला कळलं होतं का, की तुम्ही सहजच विचारलंत, यावर मी इतकी वर्षं डोकं शिणवलं आहे. कळलं असेल तर तुम्ही माझ्यासाठी दार उघडं धरून उभ्या होतात आणि मी आत आले नाही.

उद्या तिचा लेख जाणार. आज सकाळी मी तिला पुन्हा फोन लावला. चारच शब्द सांगायचे होते, बाईंनी विचारलं होतं, दोनदा. तिने उचलला, वाऱ्याचा आवाज येत होता, ती दीपनगरलाच होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "मावशी, गवत आहे! पानांवर रेघा आहेत, आत अळ्या आहेत, मी उजेडाकडे धरूनच उभी आहे!" मग तिने विचारलं, "तुम्ही कशासाठी फोन केला होता?"

मी म्हटलं, "कापूस फार ओला करू नकोस, एवढंच सांगायचं होतं."